थोडक्या पैशांत होम थिएटर : वॅटचे आकडे, स्पीकरची संख्या आणि दिवाणखान्याचे गणित

नवी दिल्ली : घरातला दूरचित्रवाणी संच जितका रुंद आणि पातळ होत गेला, तितका त्याचा आवाज क्षीण होत गेला आहे. २२ सप्टेंबर २०२५पासून ३२ इंचांहून मोठ्या संचांवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि ४३ किंवा ५५ इंची पडदा घेण्याचा विचार करणाऱ्या कुटुंबांना थोडा दिलासा मिळाला. मात्र काही सेंटिमीटर जाडीच्या चौकटीत बसवलेले, जमिनीकडे किंवा मागच्या भिंतीकडे तोंड असलेले चिमुकले स्पीकर त्या पडद्याला साजेसा आवाज देऊ शकत नाहीत. चित्र मोठे होते आणि संवाद मात्र ऐकू येत नाहीत. आवाज वाढवला, तर पार्श्वसंगीत अंगावर येते. कमी केला, तर पात्रे पुटपुटू लागतात.

याचा सर्वाधिक त्रास घरातील ज्येष्ठांना होतो. वाढत्या वयात उंच पट्टीचे ध्वनी ऐकण्याची क्षमता आधी घटते आणि शब्द ओळखण्यास मदत करणारी बहुतेक व्यंजने नेमकी त्याच पट्ट्यात, म्हणजे साधारण २,००० हर्ट्झच्या वर असतात. ‘स’, ‘श’, ‘फ’, ‘त’ निसटले की वाक्याचा केवळ सूर उरतो. त्यामुळे होम थिएटर ही केवळ हौसेची वस्तू आहे, असे मानण्याचे कारण नाही. पाच हजारांपासून चाळीस हजारांपर्यंत जी काही रक्कम बाजूला काढता येते, ती पुन्हा पुन्हा काढता येत नाही. एकदा घेतलेला संच आठ-दहा वर्षे चालवायचा असतो. अशा वेळी खोक्यावरील कोणत्या शब्दाला किंमत द्यायची आणि कोणत्याकडे दुर्लक्ष करायचे, हे माहीत असणे आवश्यक ठरते.

खोक्यावरचे वॅट

दिल्लीचे लजपतराय मार्केट, मुंबईचा लॅमिंग्टन रोड, चेन्नईची रिची स्ट्रीट, बंगळुरूचा एस. पी. रोड किंवा पुण्याची तपकीर गल्ली, कोठेही गेले तरी खोक्यावरील सर्वांत मोठ्या अक्षरातील आकडा वॅटचा असतो. त्यापुढे ‘पीएमपीओ’ ही अक्षरे असतील, तर तो आकडा विसरून जावा. क्षणाच्या अत्यल्प भागात, काल्पनिक परिस्थितीत मिळू शकणाऱ्या शक्तीचे ते जाहिरातीसाठी केलेले मोजमाप असून त्याला सर्वमान्य व्याख्या नाही. ‘आरएमएस’ हा सतत मिळणाऱ्या शक्तीचा आकडा तुलनेने विश्वसनीय. त्यातही किती टक्के विकृतीवर तो मोजला आहे, हे पाहावे. १० टक्के विकृतीवर मोजलेले ३० वॅट आणि १ टक्का विकृतीवर मोजलेले ३० वॅट ऐकायला सारखे नसतात.

एक साधी तपासणी दुकानातच करता येते. बाहेरील अ‍ॅडॉप्टरवर चालणाऱ्या संचात अ‍ॅडॉप्टरवरील व्होल्ट आणि अँपिअर यांचा गुणाकार करावा. १८ व्होल्ट आणि २ अँपिअर म्हणजे ३६ वॅट. आतील संधारित्रांमुळे क्षणिक उसळी थोडी अधिक मिळेल, परंतु ३६ वॅट घेणारे यंत्र सतत १२० वॅट देऊ शकत नाही. ऊर्जा कोठून येणार?

मुळात घरासाठी फार वॅट लागतही नाहीत. स्पीकरच्या माहितीपत्रकात ‘सेन्सिटिव्हिटी’ नावाचा आकडा असतो. १ वॅट दिल्यावर १ मीटरवर किती डेसिबल आवाज मिळतो, ते तो सांगतो. समजा तो ८६ डेसिबल आहे. प्रेक्षक अडीच मीटरवर, म्हणजे साधारण आठ फुटांवर बसला, तर मोकळ्या जागेत आवाज ८ डेसिबलने घटतो. बंद खोलीत भिंतींच्या परावर्तनामुळे घट त्याहून कमी असते. ३० वॅट दिले, तर १५ डेसिबल वाढतात. म्हणजे एकच स्पीकर आसनापाशी ९३ डेसिबलच्या आसपास जातो. सामान्य संभाषण ६० डेसिबलच्या घरात असते. दहा बाय बारा फुटांच्या खोलीत ३० वॅटचे दोन प्रामाणिक स्पीकर किती पुरेसे आहेत, हे यावरून लक्षात येते. शक्ती दुप्पट केली की केवळ ३ डेसिबल वाढतात आणि आवाज कानाला दुप्पट भासण्यासाठी जवळपास दहापट वॅट लागतात. ६० ऐवजी ८० वॅट मिळावेत म्हणून दोन हजार रुपये जादा मोजणे, म्हणूनच, वाया जाणारा खर्च आहे.

‘५.१’ म्हणजे काय आणि काय नाही

‘५.१’ या संज्ञेतील पाच म्हणजे समोर डावा, उजवा आणि मधला, तसेच प्रेक्षकाच्या बाजूला किंचित मागे असे दोन स्पीकर. एक म्हणजे खर्जासाठीचा सबवूफर. मधल्या स्पीकरवर बहुतांश संवाद असतात. या मांडणीचा लाभ तेव्हाच होतो, जेव्हा संचाला सहा वेगवेगळे ध्वनिप्रवाह मिळतात.

ग्राहकाची सर्वाधिक फसगत येथेच होते. पाच स्पीकर आणि एक सबवूफर असलेल्या अनेक स्वस्त संचांना केवळ ब्लूटूथ, यूएसबी, एफएम आणि ‘ऑक्स’ एवढीच जोडणी असते. या वाटांनी टीव्हीवरून येणारा आवाज दोनच प्रवाहांचा असतो. संच त्याच दोन प्रवाहांच्या प्रती काढून मागच्या स्पीकरवर वाजवतो. सहा स्पीकर वाजतात खरे, पण चित्रपटाच्या ध्वनिसंयोजकाने मागून येणारी म्हणून बसवलेली पावसाची सर मागून येत नाही. संवादही सगळीकडून येऊन गढूळ होतात. खऱ्या ‘५.१’ची ओळख म्हणजे एचडीएमआय किंवा ऑप्टिकल जोडणी आणि डॉल्बी डिजिटल उलगडण्याची सोय. या दोन्ही नसतील, तर सहा स्पीकरच्या किमतीत दोन चांगले स्पीकर घेणे श्रेयस्कर.

डॉल्बी या नावाभोवतीही बराच गोंधळ आहे. महाराष्ट्रात तर मिरवणुकीतील कानठळ्या बसवणाऱ्या ध्वनिभिंतीलाच ‘डॉल्बी’ म्हणण्याचा प्रघात पडला आहे. रे डॉल्बी हे अमेरिकी अभियंते १९६३ ते १९६५ या काळात संयुक्त राष्ट्रांचे तांत्रिक सल्लागार म्हणून भारतात होते आणि १९६५मध्ये त्यांनी लंडनमध्ये आपली प्रयोगशाळा स्थापन केली. त्यांचे गाजलेले पहिले तंत्र आवाज वाढवण्याचे नव्हे, ध्वनिफितीतील खरखर कमी करण्याचे होते. आज खोक्यावरील या नावाचा अर्थ एवढाच की, त्या पद्धतीने संकेतबद्ध केलेला ध्वनी संचाला उलगडता येतो. स्पीकरच्या गुणवत्तेची ती हमी नव्हे.

जोडणीचा प्रश्न पैशांशी निगडित आहे. टीव्हीमागील एचडीएमआयच्या एखाद्या खाचेवर ‘एआरसी’ असे लिहिलेले असते. २००९मधील एचडीएमआय १.४ या आवृत्तीपासून ही सोय आली. एकाच तारेतून टीव्हीचा आवाज संचाकडे जातो आणि बहुतेक वेळा टीव्हीच्याच रिमोटने तो कमी-जास्त करता येतो. अधिक क्षमतेची ‘ईएआरसी’ ही सुधारणा एचडीएमआय २.१सोबत आली. तिच्यासाठी जादा पैसे मोजावेत, असे विक्रेते सुचवतात. परंतु ओटीटी मंचांवरील डॉल्बी अ‍ॅटमॉस हा डॉल्बी डिजिटल प्लसच्या आवरणात येतो आणि तो साध्या ‘एआरसी’तूनही जाऊ शकतो. ब्लू-रे तबकड्या पाहणाऱ्यांनाच ‘ईएआरसी’ची खरी गरज. ब्लूटूथने जोडणी करणे सोपे असले, तरी त्यात आवाज सेकंदाच्या दहाव्या-पाचव्या भागाने मागे पडू शकतो. ओठ आधी हलतात आणि शब्द नंतर येतो. गाण्यांसाठी ब्लूटूथ ठीक, चित्रपटासाठी तार बरी.

दोन, तीन की सहा?

दहा हजारांच्या आतील अंदाजपत्रकात बहुतेक कुटुंबांसमोर दोन पर्याय असतात : सबवूफरसह साउंडबार किंवा ‘२.१’ संच. दोन्हींत एक सामाईक दुखणे आढळते. मुख्य स्पीकर अडीच-तीन इंचांचे असल्याने ते साधारण २०० हर्ट्झखालचे ध्वनी नीट वाजवू शकत नाहीत. मग ती जबाबदारी सबवूफरवर टाकली जाते. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ सूर साधारण ८५ ते १८० हर्ट्झ या पट्ट्यात असतो. परिणामी नायक पडद्यावर बोलतो आणि त्याच्या आवाजाचा घुमारा सोफ्याशेजारच्या खोक्यातून येतो. सुमारे ८० हर्ट्झखालील ध्वनी कोणत्या दिशेने येतो हे कानाला कळत नाही, त्याच्या वरचा कळू लागतो. म्हणून अशा संचाचा सबवूफर टीव्हीच्या जवळच, समोरच्या बाजूला ठेवावा. त्याच्या तारेची लांबी खरेदीपूर्वी मोजलेली बरी.

दहा ते वीस हजारांच्या दरम्यान एक तिसरा पर्याय आहे, ज्याकडे भारतीय ग्राहक फारसा वळत नाही. तो म्हणजे अंगभूत प्रवर्धक असलेले, चार ते पाच इंची वूफर आणि वेगळा ट्वीटर असलेले दोन बुकशेल्फ स्पीकर. त्यांत सबवूफर नसतो, रंगीत दिवे नसतात, खोक्यावरचा वॅटचा आकडाही लहान असतो. पण लाकडी भुश्याच्या दाबीव फळीची, म्हणजे एमडीएफची पेटी प्लास्टिकसारखी थरथरत नाही आणि मोठा वूफर माणसाचा संपूर्ण आवाज एकाच ठिकाणाहून देतो. याच किमतीच्या सहा स्पीकरच्या संचात तेवढाच पैसा सहा पेट्या, सहा घुमट आणि सहा तारांत विभागला जातो, हे साधे गणित आहे. कुमार गंधर्वांचे गायन असो वा एखादी मल्याळम रहस्यकथा, लहान खोलीत हा पर्याय बहुधा सरस ठरतो.

अर्थात त्याची एक अट आहे. दोनच स्पीकर असतात तेव्हा संवाद पडद्याच्या मध्यातून येत असल्याचा भास होतो. हा भास दोन्ही स्पीकरपासून सारख्या अंतरावर बसणाऱ्यालाच मिळतो. एका टोकाला बसलेल्यास सर्व संवाद जवळच्या स्पीकरमधून येत असल्यासारखे वाटतात. एक-दोन जणच समोर बसून पाहणार असतील, तर ही अडचण नाही. पाच-सहा जणांचे कुटुंब खोलीभर पसरून बसत असेल आणि त्यात कमी ऐकू येणारे आजी-आजोबा असतील, तर स्वतंत्र मधला स्पीकर असलेला ‘३.१’ साउंडबार किंवा खरा ‘५.१’ संच घ्यावा. संवाद अधिक ठळक करण्याची किंवा रात्रीसाठी चढउतार आवळण्याची सोय रिमोटवर असेल, तर ती दुकानात लावून पाहावी. वृद्धांच्या घरात या एका बटणाचे मोल सबवूफरहून अधिक असते.

तीस-चाळीस हजारांच्या पुढे स्वतंत्र रिसीव्हर आणि वेगळे स्पीकर हा मार्ग खुला होतो. खर्च एकदम जमत नसल्यास प्रथम रिसीव्हर व समोरचे दोन स्पीकर, पुढील दिवाळीस मधला, त्यानंतर सबवूफर अशी उभारणी करता येते. तयार संचात ही मुभा क्वचितच मिळते. त्याचा एक भाग बिघडला की बहुधा सगळेच अडते. मागच्या स्पीकरची घाई करू नये. दूरचित्रवाणी मालिका आणि बातम्यांत त्यांना फारसे काम नसते.

देखणेपणाचा हिशेब

स्पीकर दिवाणखान्यात वर्षानुवर्षे दिसणार असल्याने त्याच्या रूपाचा विचार करणे गैर नाही. काळ्या चकचकीत प्लास्टिकवर धूळ आणि बोटांचे ठसे लगेच उठतात, तर लाकडी पोताचे आवरण किंवा मॅट फिनिश भारतीय घरात अधिक काळ नीटनेटके राहते. जाळीचे कापड काढता येणारे असावे. लहान मुले असलेल्या घरात जाळी धातूची असलेली उत्तम, कारण आत ढकलला गेलेला ट्वीटर दुरुस्त करण्यापेक्षा बदलावाच लागतो. समोर लुकलुकणारे एलईडी दिवे दुकानात लक्ष वेधतात, अंधारात चित्रपट पाहताना त्रास देतात. ते बंद करण्याची सोय आहे का, हे विचारावे.

कोकण, गोवा, केरळ किंवा बंगालच्या दमट हवेत सौंदर्याला आणखी एक कसोटी लागते. एमडीएफ ओलावा शोषून फुगते. मागील बाजू आणि तळ यांवर आवरण नसलेली पेटी चार पावसाळ्यांत कडांवर उकलते. घुमटाभोवतीची कडा फोमची असेल, तर ती दहा-पंधरा वर्षांत भुसभुशीत होऊन गळते. रबरी कडा अधिक टिकते. जुना संच विकत घेणाऱ्याने जाळी काढून ही कडा बोटाने हलकेच दाबून पाहावी. जुन्या बाजारात एचडीएमआय ‘एआरसी’ येण्यापूर्वीचे रिसीव्हर स्वस्तात मिळतात. त्यांना ऑप्टिकल जोडणी असल्यास डॉल्बी डिजिटल ‘५.१’ सहज चालते, म्हणून ते टाकाऊ समजू नयेत.

खोली हाही स्पीकरच

उघडी फरशी, गिलावा केलेल्या भिंती आणि काचेच्या खिडक्या असलेल्या खोलीत टाळी वाजवली, तर तिचा खणखणीत प्रतिध्वनी ऐकू येतो. हाच प्रतिध्वनी संवादांवर बसतो. जाड सतरंजी, खिडकीला सुती पडदे आणि पुस्तकांनी भरलेले कपाट यांनी जो फरक पडतो, तो पाच हजार रुपये जादा मोजूनही स्पीकरमध्ये मिळेलच असे नाही.

खर्जाचे वागणे आणखी विचित्र असते. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये बारा फुटांचे अंतर असेल, तर साधारण ४७ हर्ट्झच्या आसपासचा ध्वनी त्यांच्यामध्ये अडकून फुगतो. खोलीच्या एका भागात घुमारा आणि दुसऱ्या भागात शांतता, असा अनुभव त्यातूनच येतो. सबवूफर कोपऱ्यात ठेवला, तर हा दोष सर्वांत जास्त वाढतो. जागा शोधण्याची जुनी युक्ती अशी : सबवूफर तात्पुरता सोफ्यावर, म्हणजे प्रेक्षकाच्या जागी ठेवावा, एखादे खर्जप्रधान गाणे लावावे आणि स्वतः समोरच्या भिंतीलगत जमिनीजवळ वाकून फिरावे. जेथे खर्ज सर्वांत स्वच्छ आणि सम वाटतो, ती सबवूफरची जागा. (पाहुणे नसताना हा प्रयोग करावा.)

समोरच्या दोन स्पीकरमधील अंतर आणि प्रत्येक स्पीकरपासून प्रेक्षकाचे अंतर सारखे, म्हणजे समभुज त्रिकोण होईल असे ठेवावे. ट्वीटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर असावा. टीव्हीच्या फर्निचरमधील बंद कप्प्यात स्पीकर कोंबणे ही सुतारकामाची सोय आहे, ध्वनीची नव्हे. कप्पा स्वतःच घुमू लागतो. तसे करणे भागच असेल, तर स्पीकर कप्प्याच्या पुढच्या कडेपर्यंत ओढून ठेवावा.

सदनिकांत शेजाऱ्यांचाही विचार करावा लागतो. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे; रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. खासगी ध्वनियंत्रणेचा आवाज जागेच्या सीमेवर या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून अधिक वाढता कामा नये. उंच सूर भिंतीत अडतात, खर्ज मात्र लादीतून खालच्या मजल्यावर उतरतो. सबवूफरखाली जाड रबरी पट्ट्या ठेवल्यास निदान पेटीचा कंप थेट लादीत उतरत नाही.

पावती, खूण आणि तक्रार

ओणम, गणेशोत्सव, दुर्गापूजा ते दिवाळी या काळात सवलती मोठ्या असतात, तशाच नामसाधर्म्य साधणाऱ्या नकलाही. सोबतच्या अ‍ॅडॉप्टरवर भारतीय मानक ब्युरोची खूण आणि ‘आर’ अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहावा. तो ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर पडताळता येतो. ऑनलाइन खरेदीत वस्तू कोणत्या देशात तयार झाली, हे दाखवणे बंधनकारक आहे. आपल्या शहरात सेवा केंद्र आहे का, याची चौकशी मात्र ग्राहकालाच करावी लागते. दरभंगा किंवा लातूरच्या ग्राहकाला वजनदार सबवूफर कुरियरने महानगरात धाडावा लागला, तर स्वस्ताई तेथेच संपते.

दुकानात ऐकून पाहताना विक्रेत्याची ठरावीक धमाकेदार चित्रफीत न ऐकता ओळखीचे गाणे आणि बातमीपत्र लावण्यास सांगावे. वृत्तनिवेदकाचा आवाज नळीतून आल्यासारखा किंवा छातीतून घुमणारा वाटला, तर तो संच घेऊ नये. दोन संचांची तुलना करताना दोहोंचा आवाज सारख्या पातळीवर आणावा, कारण किंचित मोठ्याने वाजणारा स्पीकर कानाला नेहमीच चांगला वाटतो आणि विक्रेत्यांना ते ठाऊक असते.

माल सदोष निघाल्यास अथवा खोक्यावरील दावा खोटा ठरल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. ई-वाणिज्य नियम, २०२० प्रमाणे मंचाच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यावी आणि एका महिन्यात तिचे निवारण करावे, अशी तरतूद आहे. त्यानंतरही दाद न मिळाल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीस शुल्क लागत नाही. त्यासाठी कर-पावती, वॉरंटी कार्ड आणि दाव्याचा आकडा छापलेले मूळ खोके जपून ठेवावे लागते.